आडवा ठेवलेला घण

ब्राह्मणपाऱ्यात दिवाकर लांजेवारचं डोकं सगळ्यांना ठाऊक होतं. रायपुरात पारा म्हणजे मोहल्ला. लोक म्हणत, आपल्या पाऱ्यातला खरा पारा लांजेवारच्या डोक्यात आहे आणि तो बारा महिने चढलेलाच असतो. दुधात पाणी घातलं म्हणून त्याने दूधवाल्याची अख्खी कॅन नालीत उपडी केली होती. सरकारी नळावर भांडण झालं तेव्हा भांडणाऱ्यांना सोडून नळच उपटला होता. मग सगळा पारा पाण्यावाचून बसला, तेव्हा तो नळ त्यानेच परत बसवून दिला. उपटायला एक हिसका लागला आणि बसवायला अख्खी सकाळ गेली, हे तो स्वतःच सांगे. मेहनतीचं माप तो कधी खोटं सांगत नसे, स्वतःविरुद्ध जात असलं तरी.

त्याची नोकरी रेल्वेच्या कारखान्यातली, लोहारखान्यातली. काम घण मारायचं. तिथे दोघांची जोडी असे. मिस्त्री एका हाताने सांडशीत लाल झालेलं लोखंड धरे आणि दुसऱ्या हातातल्या लहान हातोडीने ठोका देऊन जागा दाखवी. घणवाला त्याच जागी घाव घाली. बोलायचं काही नसे, भट्टीच्या घोंगाटात बोललेलं ऐकूही जात नसे. मिस्त्रीने हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की थांबायचं. ठोक्याचा आवाज खणखणीत असतो, आडव्या ठेवलेल्या हातोडीचा मुका. तो मुका आवाज आला की घण हवेत असला तरी हवेतच थांबला पाहिजे. घाव घालायला जेवढी ताकद लागते तिच्याहून जास्त ताकद अर्ध्यातून थांबवायला लागते. नवीन माणसाला हे ठाऊक नसतं.

असाच एक नवीन माणूस एकदा थांबला नाही. सुशील मिस्त्रीची बोटं घण आणि ऐरण यांच्यामध्ये सापडली. मिस्त्री ओरडलाही नाही, हात वर धरून नुसता बघत राहिला, कारण बघण्यासारखं हातावर काही उरलं नव्हतं. पाळी संपल्यावर ऐरण दिवाकरने घासून काढली. तेव्हापासून तो मुका आवाज त्याच्या कानात नाही, खांद्यात बसला होता.

मीनाक्षी पवनीहून लग्न होऊन आली, तेव्हा तिने विचारलं होतं, "तुमच्या कामात थांबाचं कसं समजते?" त्याने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पोळी उलटली. पुढे एका संध्याकाळी वरणात मीठ नाही म्हणून त्याने ताट भिंतीवर फेकलं आणि हात उगारला. मीनाक्षीने मागे वळूनही पाहिलं नाही. हातातलं लोखंडी उलथणं तिने तव्यावर आडवं ठेवलं. मुका आवाज आला. दिवाकरचा हात वरच्या वर राहिला. तसाच हात घेऊन तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. पुन्हा त्या घरात बाईवर हात उगारला गेला नाही. ताटं मात्र फुटत राहिली.

आता मीनाक्षी वरच्या खोलीत खाटेवर पडून होती. उजवं अंग गेलं होतं, त्याबरोबर वाचाही गेली होती. डावा हात चाले. उशाशी तेच उलथणं ठेवलेलं असे. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, की ती खिडकीच्या गजावर ते वाजवी. खाली नुसतं स्वयंपाकघर होतं; वरची खोली अरुंद होती आणि खाट खिडकीखालीच मावे. खिडकी पश्चिमेची.

सारी मारामारी त्या खिडकीतून सुरू झाली.

रायपूरचं ऊन चोरपावलांनी येत नाही, लाथ मारून येतं. चैत्र संपता संपता दुपारी ते खिडकीतून आत घुसे, आधी मीनाक्षीच्या पायांवर, मग पोटावर, आणि चहाच्या वेळेला तोंडावर. भिंत संध्याकाळी हात लावू देत नसे. गेल्या उन्हाळ्यात एक दिवस मीनाक्षीला लू, म्हणजे गरम वाऱ्याची झळ, लागली आणि तिचा घाम आटला. कातडी कोरडी, लाल, तापलेल्या तव्यासारखी. डोळे पांढरे झाले, दातखीळ बसली आणि तिच्या जिभेचा तुकडा पडता पडता राहिला. दवाखान्यात बर्फात ठेवली तेव्हा वाचली. डॉक्टर म्हणाले, "ह्यांना दुसऱ्यांदा लू लागली तर इथे आणायलाही वेळ मिळणार नाही."

मुलगी कौमुदी चौबे कॉलोनीत राहायची. ती म्हणाली, "बाबा, आईले माझ्या घरी घेऊन जाऊ."

"तुझ्या घरी तीन माळे चढाचे. लिफ्ट आहे का?"

"खुर्चीत बसवून नेऊ ना."

"मागच्या बारीले खुर्चीतून उतरवली तं कुल्ला सुजला होता तिचा. इसरली?"

खाटेवरून उलथणं गजावर वाजलं. मीनाक्षीने डावा हात आडवा हलवला. तिला जायचं नव्हतं. विषय संपला.

कूलर होता. पण दुपारी व्होल्टेज असं उतरे की कूलरची पाती डोळ्यांनी दिसत, आणि तो खोलीतलं गरम वारं नुसतं ढवळून देई. मग दिवाकरने खिडकीच्या काचेला आतून वर्तमानपत्रं चिकटवली. त्यावर थर्मोकोल लावलं, त्यावर जुनी चादर ताणली. खोलीत अंधार झाला, पण उकाडा तोच. एके दुपारी त्याने थर्मोकोल आणि काच यांच्या फटीत हात घातला आणि चटका बसून बाहेर काढला. तिथे भट्टी पेटली होती. तेव्हा त्याने स्वतःलाच शिवी दिली. जन्मभर भट्टीपाशी उभा राहिलेला माणूस, आणि आग घरात घेऊन मग तिच्यावर पांघरूण घालत होता. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर अडवायला हवं.

आतलं थर्मोकोल आणि कागद काढून टाकून त्याने गोल बाजारातून धानाचं जुनं बारदान आणलं, जाड तागाची पोती. उसवून, धुऊन, दुहेरी करून दाभणाने शिवली. शिवण दुहेरी घातली, कारण इकडच्या लूत एकेरी शिवण टिकत नाही. वरच्या आणि खालच्या काठाला नेफे करून त्यात बांबू सरकवले. बोटांना भोकं पडली. जुन्या घट्ट्यांवर नवे घट्टे आले. मग वरच्या गच्चीच्या कठड्यावर पोटावर झोपून, डोकं आणि हात खाली सोडून, त्याने खिडकीच्या वर खिळे ठोकले. कठडा तापलेला होता. उठला तेव्हा पोटाची साल कठड्याला राहिली.

पोतं खिडकीला चिकटून लोंबलं असतं तर काही उपयोग नव्हता. खालची बाजू पुढे ताणून धरायची होती, छपरासारखी, म्हणजे खालून वारा जाईल आणि ऊन बाहेरच राहील. त्यासाठी दोर शेजारच्या गच्चीच्या कठड्याला बांधावे लागणार होते. खिडकीखाली शेजारच्यांच्या एकमजली घराची गच्ची होती. तिथे मायाबाई तांदळाचे पापड वाळत घालत. पापड त्या गोल बाजारातल्या दुकानाला देत, घर त्यावर चाले. दिवाकरने खिडकीतून हाक मारली, "दीदी, रस्सी बांधू क्या तुम्हारे छत पे? मीनाक्षी के लिए."

मायाबाई पापड उलटत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "हव, बांध लो भैया."

त्या दुपारी मीनाक्षीच्या तोंडावर ऊन आलं नाही. दिवाकरने पोत्यावर बादलीने पाणी मारलं. लू ओल्या तागातून आत आली तेव्हा तिला पहिल्या पावसाचा नाही, पण निदान ओल्या मडक्याचा वास होता. मीनाक्षी दुपारभर झोपली. दिवाकर खाटेशेजारी जमिनीवर बसून तिच्या गळ्याखालचा घाम बघत राहिला. घाम होता. तो बोटाने पुसून त्याने चाटून पाहिला. खारट होता. ठीक होतं.

पाऱ्यातली पोरं चिडवायला लागली. "काका, खिड़की है कि धान मंडी?" त्याने त्यांना एक सणसणीत शिवी दिली. ऊन अडत होतं, एवढं पुरे होतं.

पण तागाचं पाणी तांबडं असतं. ते ओघळून थेंबथेंब खाली पडलं, मायाबाईंच्या पापडांवर. पापड डागाळले. दुकानदाराने माल परत पाठवला, वर म्हणाला, यांना काय गटारावर वाळवता का?

मायाबाई दिवाकरच्या घरी आल्या. खालच्या दारातच उभ्या राहिल्या. "भैया, पानी मत डालो. मेरा पापड़ खराब हो रहा है."

सरळ बोलणं होतं, त्याला सरळ उत्तर देता आलं असतं. पण दिवाकरच्या तोंडाला सरळ रस्ता कधी माहीत नव्हता. तो म्हणाला, "पापड मोठा का माणूस मोठं, दीदी?"

मायाबाईंचा चेहरा कडक झाला. "माणूस आमच्या घरी पण आहेत. ते पापडावरच जगतात." असं मोडक्या मराठीत सुनावून त्या परत गेल्या.

संध्याकाळी त्यांचा मुलगा विशाल आला. धंदा होर्डिंग लावायचा. बांबूंवर चढून फ्लेक्स ताणायचे, दोर आवळायचे. अंगाने तरणा, दंड दोरांसारखेच पिळलेले, कमरेला कटर. तो गच्चीवरूनच ओरडला, "काका! ये बोरा उतारो."

"काहून उतारू? तुह्या मायनं हव म्हटलं होतं."

"रस्सी के लिए हव बोली थी, पानी के लिए नहीं."

"पाण्याबिगर गार होत नाही, पोट्ट्या. तुले बापानं इतकं बी शिकोलं नाही?"

विशालचा बाप त्याच्या लहानपणीच गेला होता. ही गोष्ट दिवाकरला माहीत होती. तोंडातून निघाल्यावर आठवली. विशालने कमरेला हात घातला. कटर काढला, एक दोर कापला. पोत्याची एक बाजू लुळी पडली. मग त्याने दुसरा दोर हातात धरला आणि वर दिवाकरकडे बघत सावकाश कापला.

दिवाकरने परत बांधला, विशाल कामावर आणि मायाबाई दुकानात पापड द्यायला गेल्या असताना. परत पाणी मारलं. विशालने परत कापला आणि या वेळी खालचा बांबूही मोडला. दिवाकरने नवा बांबू घातला. असं चालू राहिलं. कौमुदी रोज येई आणि रोज हात जोडी. "बाबा, पाणी नका ना मारू. सुकं राहू द्या पोतं."

"सुकं पोतं काय कामाचं?"

"कापलेल्यापरीस बरं."

दिवाकरने बादली आपटली आणि भरली.

मग नवतपा लागला. सूर्य रोहिणीत गेला की जे नऊ दिवस येतात ते इकडे लोक श्वास धरून काढतात. रस्ते दुपारी मोकळे होतात. कावळा चोच उघडी टाकून वळचणीला बसतो. त्याच दिवसांत डॉक्टरांचं बोलणं दिवाकरला दर तासाला आठवे.

सुतळी संपली होती. कौमुदी आली तशी तिला आईपाशी बसवून तो गोल बाजारात गेला. ऊन डोक्यात खिळ्यासारखं शिरत होतं. सुतळीची दुकानं बंद होत होती, एकाला शटर वर करायला लावून त्याने गुंडी घेतली आणि तसाच परत वळला. घराच्या बोळात आला तेव्हा वर बघायची त्याची सवय होती. वर पोतं नव्हतं. खिडकी उघडी पडली होती, तिची काच पांढरी जळत होती. पोतं खाली विशालच्या गच्चीवर गोळा होऊन पडलं होतं. या वेळी दोर कापले नव्हते. वरचे खिळेच उपटले होते.

तो जिना चढला. खोलीत कौमुदी रडत आईच्या अंगावर ओलं फडकं फिरवत होती. "बाबा, मी चादर धरून उभी होती खिडकीपाशी. पाणी आणाले खाली गेली, तेवढ्यात..." मीनाक्षीचं तोंड लाल, कोरडं. ओठ फुटून रक्त आलेलं. दिवाकरने तिच्या गळ्याखाली हात लावला. कोरडा. बोट जिभेला लावलं. काही चव नव्हती.

"अॅम्ब्युलन्स?"

"फोन लावला. येऊन राहिली म्हणते. चौकात अडकली आहे."

कोपऱ्यात घण होता, निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी दिलेला, त्याच्याच हातात वर्षानुवर्षं झिजलेला. तो त्याने उचलला. कौमुदी किंचाळली, "बाबा, नका!" तोवर तो जिन्यात होता.

विशाल गच्चीवर उपटलेले खिळे गोळा करत होता. घण घेऊन चढणारा म्हातारा दिसला तसा हसला. "आओ काका. हथौड़ा कायको? सब उखाड़ दिया मैंने."

दिवाकरने घण आडवा फिरवला. विशाल मागे सरला, घण कठड्यावर बसला आणि कठड्याच्या विटा तुटून बोळात कोसळल्या. खालून कोणीतरी ओरडलं. विशालचं हसणं संपलं. त्याने मोडलेला बांबू उचलला आणि दिवाकरच्या कानशिलावर हाणला. कान फाटला. रक्त मानेवरून बनियनमध्ये गेलं, गरम, आणि त्या उन्हात लगेच वाळायला लागलं. दिवाकर पापडांच्या चटईवर गुडघ्यावर पडला. पापड चुरचुरले. विशालने दुसरा तडाखा पाठीवर हाणला, तिसरा खांद्यावर. "मर! मर बुड्ढे!" बांबू खांद्यावर चिरला आणि त्याच्या कामट्या मांसात घुसल्या.

चौथ्या तडाख्याला दिवाकरने तो बांबू धरला. भट्टीपाशी उभा राहिलेला माणूस तडाखे मोजत नाही, कुठला तडाखा सैल पडतो ते बघतो. त्याने बांबू ओढला तसा विशाल त्याच्यासोबत पुढे आला, आणि दिवाकरने डोकं वर करून त्याच्या तोंडावर हाणलं. दात तुटल्याचा आवाज झाला. विशाल तोंड धरून खाली बसला. दिवाकरने त्याला लाथेने उताणं केलं, उजव्या मनगटावर पाय दिला आणि तळहात गच्चीच्या सपाट सिमेंटवर दाबून धरला. कटर धरणारा हात. दोर कापणारा. खिळे उपटणारा.

"काका, नहीं! काका, हाथ नहीं!" विशालचं तोंड रक्ताने भरलं होतं, शब्द बुडबुड्यांसारखे बाहेर येत होते. "मैं क्या करूंगा हाथ बिना!"

जिन्यातून मायाबाई धावत वर आल्या आणि जागीच थबकल्या. त्यांना माहीत होतं, मध्ये पडलं तर घण आपल्यावर येईल.

दिवाकरने घण दोन्ही हातांनी डोक्यावर नेला. जागा पक्की दिसत होती. मिस्त्रीने दाखवावी तशी. त्याने श्वास सोडला आणि घाव सोडला.

वर खिडकीत मुका आवाज झाला.

लोखंड लोखंडावर आडवं ठेवल्याचा.

दिवाकरच्या डोक्याने काही ठरवलं नाही. खांद्याने ठरवलं. घण अर्ध्या वाटेवर होता, खाली येत होता, सगळं वजन त्याच्यात गेलेलं होतं. खांदा त्या वजनाला आडवा गेला. आत काहीतरी ओल्या दोरासारखं तुटलं. दिवाकर ओरडला, असा की बोळातली माणसं पळाली. घण विशालच्या बोटांच्या शेजारी पडला, गच्चीवर, घणाखालून सिमेंटचा पापुद्रा उडाला आणि विशालच्या गालात शिरला. बोटं शाबूत होती.

दिवाकर खाली बसला. उजवा हात खांद्यापासून लोंबत होता, त्याचा नसल्यासारखा. विशाल हात छातीशी धरून आक्रसून पडला होता आणि थुंकत होता. थुंकीत दात होता.

मायाबाईंनी दोघांकडे बघितलं नाही. त्या खिडकीकडे बघत होत्या. एवढ्या वर्षांत त्यांनी ती खिडकी खालून बघितली होती, खाट तिला लागूनच आहे हे त्यांना माहीत नव्हतं. आता पोतं नसल्यामुळे दिसलं. गजांमागे मीनाक्षीचं तोंड होतं, लाल, ओठ फाटलेले, ऊन सरळ त्या तोंडावर पडलेलं. गजावर आडवं टेकलेलं उलथणं, आणि त्याच्यावर तिचा डावा हात.

"हे भगवान," त्या म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "उठ. बोरा बांध."

"अम्मा, मेरा दांत..."

"दांत बाद में ढूंढना. उठ."

विशाल उठला. दिवाकरही उठायला गेला, उजव्या हाताने टेकायला गेला आणि पुन्हा पडला. विशाल दिवाकरच्या घराच्या जिन्याने वर गेला, तिथल्या गच्चीच्या कठड्यावर पोटावर झोपला आणि खिळे ठोकायला लागला. नाकातोंडातून रक्त भिंतीवर ओघळत होतं. दिवाकर खालून बघत होता.

"तिरपा ठोक," तो म्हणाला. "सरळ ठोकशीन तं निघून येईन."

"मालूम है! ये मेरा धंधा है."

"धंदा! मघाशी त्याच धंद्यानं उपटले."

"काका, मुंह बंद रखो, नहीं तो बीच में छोड़ दूंगा."

मायाबाईंनी पोत्याचा खालचा बांबू दोन्ही हातांनी धरून उचलून दिला. पोतं खिडकीवर चढलं. सावली मीनाक्षीच्या कपाळावर आली, मग डोळ्यांवर, मग फुटलेल्या ओठांवर. आत कौमुदी पाण्याची घागरच आईच्या अंगावर ओतत होती.

विशाल खाली आला. दोर हातात घेऊन कठड्यापाशी थांबला. कठडा तुटला होता, उरलेल्या भागाला दोर बांधता आला असता. त्याने दोर खाली टाकला. "मेरी दीवार में नहीं बांधूंगा. मर जाऊंगा, नहीं बांधूंगा."

विशालच्या जागी दिवाकर असता तर त्यानेही बांधला नसता.

मायाबाईंनी गच्चीभर बघितलं. मग पायाने घण ढकलला, गच्चीच्या मध्यावर आणला आणि तिथे आडवा पाडला. "तो इसमें बांध. ये तो तेरी दीवार नहीं है."

विशालने घणाच्या दांड्याला दोर गुंडाळला, डोक्यापाशी आवळला आणि होर्डिंगवाले मारतात तशी गाठ मारली. लूने पोतं फुगवलं, दोर ताणला, घण सिमेंटवर थोडा घसरला आणि अडला. गाठ सुटली नाही. दिवाकरने ती गाठ बघितली. चांगली होती. तो ते बोलला नाही, पण वाईट आहे असंही म्हणाला नाही.

"एक बात," मायाबाई म्हणाल्या. "पानी नहीं."

"पाण्याबिगर..."

"पानी नहीं, भैया. बोरा दो लगाओ, तीन लगाओ. पानी नहीं."

दिवाकरने मान हलवली. एवढं सोपं होतं. ते आधी ऐकलं असतं तर खांदा शाबूत असता, कान शाबूत असता, त्या पोट्ट्याचे दातही. त्याने मनात माप केलं आणि माप आपल्याच विरुद्ध गेलं.

अॅम्ब्युलन्स आली. माणसांनी आधी रक्ताने माखलेल्या म्हाताऱ्याला धरलं. त्याने डाव्या हाताने त्यांना झटकलं आणि वर बोट दाखवलं. ते वर गेले. मीनाक्षीला सलाईन लावली, काखेत बर्फाच्या पिशव्या दिल्या. त्यातला एक म्हणाला, "पसीना आ रहा है. ठीक है. और थोड़ी देर धूप में रहती तो..." त्याने वाक्य पूर्ण केलं नाही.

रात्री दवाखान्यात दिवाकरचा हात गळ्यात बांधला. डॉक्टर म्हणाले, खांद्यातला स्नायू तुटला आहे, हात आता डोक्यावर जाणार नाही. कौमुदी शेजारी बसली होती. म्हणाली, "बाबा, आईचं नशीब, ते उलथणं हातातून पडलं म्हणून तुम्ही थांबले. नाहीतर आज जेलमध्ये असते."

"पडलं नाही."

"मी तिथंच होती बाबा. तिले शुद्ध नव्हती. पडलं."

"पडलेलं उड्या मारते," दिवाकर म्हणाला. "खणखण करते. हे मुकं होतं. ठेवलेलं होतं." आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

नवतपा संपला. मीनाक्षीने तो काढला. पोत्याचे तीन थर होते, कोरडे. ओल्यासारखा गारवा नव्हता, पण ऊन खोलीत आलं नाही. दुपारी तिच्या गळ्याखाली घाम असे. दिवाकर डाव्या हाताने पुसे आणि बोट जिभेला लावी.

खाली पापड वाळत. लू आली की पोतं फुगे, दोर ताणे आणि घण सिमेंटवर किंचित सरके, दुपारभर, खरखर करत. संध्याकाळी पापड काढताना मायाबाई पायाने तो परत जागेवर आणून आडवा करीत. वर बघत नसत. विशाल पुढच्या दातांच्या खिंडीतून शिट्टी वाजवत कामाला जाई. दिवाकर खिडकीत दिसला की म्हणे, "बारिश आने दो काका. फिर देखता हूं तुमको."

"ये तू," दिवाकर वरून म्हणे. "डावा हात आहे माह्यापाशी."

गजावर उलथणं आडवं होई. दोघे गप्प बसत.